हक्क दिलात, आता वेळ द्या: स्कॉटलंड सरकारला खुले पत्र

प्रति,
स्कॉटिश सरकार,
सेंट अँड्र्यूज हाऊस, एडिंबरा

विषय: घरी जाऊन केलेल्या काळजीसाठी मिळणारा वेळ आणि ती करणाऱ्यांचा पगार

स.न.वि.वि.

मी स्कॉटलंडमधल्या फाइफ या भागात केअररचं, म्हणजे घरोघरी जाऊन म्हाताऱ्या-आजारी माणसांची काळजी घ्यायचं, काम करते. मूळची सांगली जिल्ह्यातली, मिरजेत जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली, कोविडनंतर केअर व्हिसावर इथे आलेली. खाली नाव लिहिणार नाही. माझा व्हिसा माझ्या कंपनीच्या स्पॉन्सरशिपवर उभा आहे, आणि ती गेली तर दुसरी कंपनी शोधायला साठ दिवस मिळतात. एवढ्या टांगत्या तलवारीखाली जितकं बोलता येतं तितकं बोलते.

पत्र मराठीत लिहिते आहे. तुम्हाला त्याची इंग्रजी प्रत येईलच. पण इथल्या मराठी घरांनीही हे वाचावं असं वाटतं, आणि तिकडे एजंटाच्या दारात उभ्या असलेल्या माझ्यासारख्या बायकांनीही. (त्यांच्यासाठी जाता जाता: २२ जुलै २०२५ पासून केअररच्या कामासाठी परदेशातून नवी भरती बंद आहे. कुणी ‘जागा आहेत’ म्हणून लाखांत पैसे मागत असेल तर एक रुपया देऊ नका.)

आधी चांगलं ते सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. आमच्याकडे म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की घरात दोनच प्रश्न उरतात: रजा कोण टाकणार आणि ब्युरोची बाई परवडेल का. सरकार त्या बोलण्यात कुठेच नसतं. तुमच्याकडे १ जुलै २००२ पासून पासष्टीपुढच्या माणसाला आंघोळ घालणं, कपडे बदलणं, संडासला नेणं, भरवणं, गोळ्या देणं यांचे पैसे पडत नाहीत. बँकेत किती शिल्लक आहे हे त्यासाठी कुणी विचारत नाही. सर स्टुअर्ट सदरलंड यांच्या रॉयल कमिशनने १९९९ साली ही शिफारस साऱ्या ब्रिटनसाठी केली होती. लंडनने ती नाकारली. तुमची संसद सुरू होऊन जेमतेम दीड-दोन वर्षं झाली असतील, तेव्हा हेन्री मक्लीश यांनी ती उचलून धरली. मक्लीश मेथिलचे, म्हणजे ज्या गल्ल्यांतून मी रोज गाडी हाकते तिथलेच. खाणी आणि गोदी गेल्यावर मागे राहिलेल्या त्या गावांत म्हातारपण कसं असतं हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज पडली नसावी.

पुढे तुम्ही तो हक्क वाढवलात. फ्रँक कोपेल हा डंडी युनायटेडचा फुटबॉलपटू. एकोणसाठाव्या वर्षी त्याला स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. पासष्टी गाठेपर्यंत मोफत काळजीचा हक्क नाही, म्हणून त्याच्या घराला पैसे भरावे लागले, आणि २०१४ साली पासष्ट पूर्ण झाल्यावर तीन आठवड्यांच्या आत तो गेला. त्याच्या पत्नीने, अमांडा कोपेल यांनी, चिकाटीने मोहीम चालवली आणि १ एप्रिल २०१९ पासून पासष्टीच्या आतल्यांनाही हा हक्क मिळाला. एका बाईचं ऐकून कायदा बदलणारं सरकार मी त्याआधी पाहिलं नव्हतं. म्हणूनच तर हे पत्र लिहायचं धाडस करते आहे.

पण हक्क म्हणजे घरात आलेला नळ. त्यातून येणारं पाणी म्हणजे आम्ही, आणि नळाला पाणी नाही.

माझी सकाळची रन कशी असते ते सांगते. फोनवर रोटा, म्हणजे त्या दिवशीच्या घरांचं वेळापत्रक, येतो. पहिल्या घरी पंधरा मिनिटं. दारातला टॅग फोनने स्कॅन केला की घड्याळ सुरू. आजोबा जागे असले तर ठीक. नसले तर त्यांना उठवायचं, रात्रीचं पॅड काढायचं, पुसायचं, कातडी कुठे लाल झाली आहे का ते बघायचं, नवं पॅड, कपडे, ब्लिस्टर पॅकमधल्या गोळ्या, टोस्ट, चहा, आणि शेवटी हे सगळं फोनमध्ये नोंदवायचं. ऐंशी पार केलेला, आयुष्यभर कोळशाची धूळ फुप्फुसात साठवलेला माणूस पंधरा मिनिटांत पलंगावरून खुर्चीपर्यंत येत नाही. तो धापा टाकतो, मध्ये थांबतो, आणि थांबला की बोलायला लागतो. दिवसभरात त्याच्याशी बोलणारी मीच असते. मला मात्र पुढच्या घराचा ॲलर्ट आलेला असतो. मग मी काय करते? त्याचं वाक्य अर्ध्यावर तोडते, किंवा उशीर करते आणि तो उशीर माझ्या खिशातून भरते. बहुतेक दिवशी दुसरंच.

पुढचं घर डबल-अप, म्हणजे दोघींचं काम. होइस्टने (माणूस उचलायच्या यंत्राने) उचलायचं असतं, एकटीने उचलायला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. जोडीदारीण अजून मागच्या घरी अडकलेली असते. मी गाडीत बसून वाट बघते. त्या वाट बघण्याचे पैसे नाहीत. दोन घरांमधल्या प्रवासाचा वेळ किमान वेतनाच्या हिशेबात धरावा लागतो असा कायदा आहे, पण अनेक जणींच्या पगारपत्रकात तो कुठे आणि कसा धरला आहे हे भल्या हिशेबनिसालाही सापडायचं नाही. सकाळी सातला बाहेर पडायचं, दुपारी मधला रिकामा तुकडा, रात्री टक-इनच्या, म्हणजे झोपवण्याच्या, व्हिजिट उरकून दहाला घरी. पगार मोजायला बसलं तर आठ-नऊ तासांचा. ही माझ्या एका कंपनीची गोष्ट नाही. काउन्सिल, म्हणजे इथली स्थानिक स्वराज्य संस्था, कंपनीकडून मिनिटं विकत घेते, कंपनी आमच्याकडून मिनिटं विकत घेते, आणि या साखळीत जी मिनिटं कुणीच विकत घेत नाही ती आम्ही आणि ते म्हातारे मिळून भरतो.

आता पगार. एप्रिल २०२५ मध्ये तुमच्या धोरणानुसार प्रौढांची काळजी करणाऱ्या कामगाराला ताशी किमान १२.६० पौंड ठरले. ब्रिटनभरचं कायदेशीर किमान वेतन त्याच महिन्यात १२.२१ झालं. फरक ३९ पेन्सचा. मेलेलं माणूस सकाळी पहिल्यांदा आम्हाला सापडतं, बेडसोर सुरू होतोय हे आधी आमच्या लक्षात येतं, गोळ्या चुकल्या तर उत्तर आम्ही द्यायचं. त्यासाठी एसएसएससीकडे (काळजी कामगारांच्या नियामक संस्थेकडे) नोंदणी करायची, ठरलेल्या मुदतीत एसव्हीक्यू ही कामाची पात्रता पूर्ण करायची. हे सगळं हवंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण या साऱ्याची किंमत ३९ पेन्स? काही सुपरमार्केटांत शेल्फ भरणाऱ्याला तेव्हा आमच्याहून जास्त मिळत होते, आणि त्याला होइस्ट लावावा लागत नाही. माझ्याबरोबर सुरुवात केलेल्या स्कॉटिश मुली एकेक करून तिकडे गेल्या. मी गेले नाही याचं कारण सेवाभाव वगैरे नाही, व्हिसा तिकडे जाऊ देत नाही.

दुसरीकडे, १ एप्रिल २०२४ पासून तुम्ही एनएचएस स्कॉटलंडमधल्या (सरकारी आरोग्यसेवेतल्या) कर्मचाऱ्यांचा आठवडा पगार न कापता साडेसदतीस तासांवरून सदतीसवर आणलात. उत्तम केलंत. पण इस्पितळात ज्या आजीला हेल्थकेअर सपोर्ट वर्कर पुसते, त्याच आजीला घरी आल्यावर मी पुसते. पाणी तेच, कातडी तीच. तिचा पगार, रजा, पेन्शन एका टेबलावर बसून ठरतं. माझं टेंडरमध्ये ठरतं.

हे मी नव्याने सांगत नाही, तुमच्या इथल्या बायकांनी आधीच सांगून झालं आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये ग्लासगोच्या आठ हजारांवर बायका, होम केअरर, सफाई करणाऱ्या, शाळेत जेवण वाढणाऱ्या, दोन दिवस संपावर गेल्या. पुरुषांच्या कामाला जास्त आणि त्याच तोलाच्या बायकांच्या कामाला कमी, हा वर्षानुवर्षांचा अन्याय काउन्सिलला मान्य करावा लागला आणि ५० कोटी पौंडांहून जास्त रक्कम देण्यासाठी आपल्या इमारतींवर पैसा उभा करावा लागला. महाराष्ट्रात आशाताई आणि अंगणवाडी सेविका ‘मानधन नको, वेतन द्या’ म्हणत आझाद मैदानावर बसतात तेव्हा मला त्या ग्लासगोच्या बायका आठवतात. काळजी हे बायकांच्या अंगभूत मायेतून आपोआप होणारं काम आहे, त्याला दाम कशाला, हा समज गोऱ्या देशातही तितकाच पक्का निघाला.

आता तुमचं नेहमीचं उत्तर मला माहीत आहे: लंडन. आणि गंमत म्हणजे ते निम्मं खरं आहे.

मार्च २०२४ पासून नव्या केअररना नवरा-मुलं आणायला बंदी झाली, ती लंडनने केली. जुलै २०२५ मध्ये दारच लावून टाकलं, तेही लंडनने. एप्रिल २०२५ पासून मालकांना पगारावर भरावा लागणारा नॅशनल इन्शुरन्स पंधरा टक्क्यांवर गेला आणि छोट्या केअर कंपन्यांचं कंबरडं मोडलं, तोही निर्णय तिकडचा. २००२ साली तुम्ही मोफत काळजी सुरू केलीत तेव्हा केअर होममधल्या ज्यांना ती मिळू लागली त्यांचा अटेंडन्स अलाउन्स (काळजी लागणाऱ्या म्हाताऱ्यांना मिळणारा भत्ता) लंडनने बंद केला, आणि वाचलेले पैसे तुम्हाला दिले नाहीत. तुम्ही कोविडमध्ये आम्हा सगळ्यांना ५०० पौंडांची भेट जाहीर केलीत, त्यावर कर लावू नका म्हणून विनवलंत, आणि लंडनने तो लावला. पश्चिम बेटांवर आणि हायलँडमध्ये तरुण माणूस राहिलेलं नाही, तिथल्या म्हाताऱ्यांना उचलणारे हात बाहेरूनच यावे लागतील, हे तुम्ही सांगता आणि एडिंबराबाहेर पाऊल टाकलेल्या कुणालाही ते पटेल. इमिग्रेशन तुमच्या हातात नाही. मान्य.

पण घरी व्हिजिट किती मिनिटांची असावी, हे लंडनच्या वेस्टमिन्स्टर संसदेच्या कोणत्या कायद्यात लिहिलं आहे? प्रवासाचा वेळ धरल्याशिवाय काउन्सिलने कंत्राट देऊ नये असा नियम करायला तुम्हाला कुणी अडवलं आहे? पगार एका टेबलावर ठरावेत, साऱ्या क्षेत्रासाठी एकच वाटाघाटीची व्यवस्था असावी, ही सूचना फेअर वर्क कन्व्हेन्शन या तुमच्याच सल्लागार मंडळाने २०१९ साली केली. आरोग्य तुमचं, समाजसेवा तुमची, बत्तीस काउन्सिलना जाणाऱ्या पैशाची मोठी वाट तुमच्या दारातून. अटेंडन्स अलाउन्सची जागा घेणारा भत्तासुद्धा आता तुमच्याच सोशल सिक्युरिटी खात्यातून दिला जातो. २००२ मध्ये जे तुमच्या हातात नव्हतं त्यातलं बरंच काही आज आहे. हातात नसलेल्या गोष्टींबद्दल जेवढ्या जोरात बोलता, तेवढ्याच जोरात हातातल्या गोष्टींबद्दल बोला, एवढंच माझं म्हणणं आहे.

हातातल्याचं काय झालं ते बघू. प्रौढांच्या काळजीच्या व्यवस्थेवर तुम्हीच मागवलेला डेरेक फीली यांचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये आला. तो मी फोनवर वाचला आहे, दोन व्हिजिटच्या मधल्या बिनपगारी वेळात, म्हणजे तुमच्या धोरणाचा तेवढा तरी उपयोग झाला. काळजी हा खर्च नसून गुंतवणूक आहे असं त्यात म्हटलं होतं, कामगारांच्या पगाराबद्दल आणि ‘वेळ आणि कामं मोजून’ कंत्राटं देण्याच्या पद्धतीबद्दल त्यात स्पष्ट बोललं होतं. तुम्ही त्यातून उचललं काय, तर नॅशनल केअर सर्व्हिस, म्हणजे साऱ्या स्कॉटलंडसाठी एकच काळजी-सेवा, या कल्पनेची मोठी इमारत. जून २०२२ मध्ये विधेयक आलं. अधिकार काउन्सिलकडे राहणार की मंत्र्यांकडे, मंडळं किती, त्यांवर कोण बसणार, यातच वर्षं गेली. काउन्सिलांनी पाठिंबा काढला, कामगार संघटनांनी काढला, आणि जानेवारी २०२५ मध्ये तुम्ही ती इमारत गुंडाळलीत. सुमारे ३ कोटी पौंड खर्च झाले होते. माझ्या एकाही व्हिजिटचं एक मिनिटही त्यातून वाढलं नाही.

त्या विधेयकातलं जे उरलं आणि जून २०२५ मध्ये मंजूर झालं त्यात दोन गोष्टी मोलाच्या आहेत, ते नाकारणार नाही. घरातल्याची काळजी घेणाऱ्यांना विश्रांतीचा हक्क, आणि ‘ॲन्स लॉ’, म्हणजे केअर होममधल्या माणसाला आपल्या माणसांना भेटण्याचा हक्क. २०२० मध्ये खिडकीच्या काचेपलीकडून निरोप घेतलेल्या कुटुंबांनी तो मिळवला. पण विश्रांतीचा हक्क दिलात, तर त्या विश्रांतीत त्यांच्या जागी उभं कोण राहणार? पुन्हा मीच, आणि माझा रोटा भरलेला आहे.

इस्पितळाचंही हेच. फेब्रुवारी २०१५ मध्ये तेव्हाच्या आरोग्यमंत्री शोना रॉबिसन यांनी सांगितलं होतं की डिस्चार्ज रखडण्याचा प्रकार या वर्षात संपवायचा आहे. २०२४ मध्येही रोज सरासरी दोन हजारांच्या आसपास माणसं, बरी होऊन, घरी पाठवायला कुणी नाही म्हणून खाटेवर पडून होती. खाट अडली की अपघात विभागात ट्रॉली अडते, ट्रॉली अडली की बाहेर ॲम्ब्युलन्स. टीव्हीवर ॲम्ब्युलन्सची रांग दाखवतात आणि चर्चा डॉक्टरांच्या तुटवड्याची होते. रांगेचं दुसरं टोक मेथिलच्या कुठल्या तरी स्वयंपाकघरात आहे, जिथे सकाळी यायला केअरर नाही म्हणून ‘पॅकेज’, म्हणजे ठरलेल्या व्हिजिटची काळजी, सुरू होत नाही. आणि तीन-चार आठवडे खाटेवर पडलेला म्हातारा चालायचं विसरतो. इस्पितळात आला तेव्हा त्याला दिवसाची एक व्हिजिट पुरली असती. बाहेर पडताना चार डबल-अप लागतात. वाचवलेली मिनिटं कुठे जातात, ते हे असं.

मराठी घरांबद्दल थोडं. १९६० आणि ७० च्या दशकांत ग्रँट, केईएम, बी. जे.मधून शिकलेले डॉक्टर ब्रिटनमध्ये आले, आणि गोऱ्या डॉक्टरांना नको असलेल्या जागांवर, खाणींच्या गावांत, मनोरुग्णालयांत, वृद्धांच्या वॉर्डांत त्यांनी हयात घालवली. ती पिढी आज ऐंशीच्या घरात आहे. अशा घरांत काळजी सून किंवा लेक करते आणि तिला आपण ‘केअरर’ आहोत हेच माहीत नसतं. २०१६ च्या तुमच्या कायद्याने तिला स्वतःच्या गरजांचा आराखडा मागण्याचा हक्क दिला आहे. तो मागायला ती पुढे येत नाही, कारण सासूचं करणं याला फॉर्म भरायचा असतो हे तिच्या गावीही नसतं. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा आधी जाते असं पुष्कळदा होतं. चाळीस वर्षं इंग्रजीत रोगी तपासलेले काका अचानक फक्त मराठीत पाणी मागतात. २०१३ च्या सेल्फ-डायरेक्टेड सपोर्टच्या कायद्यात अशा घरासाठी चांगली वाट आहे: पैसे स्वतः घेऊन आपल्या पसंतीचं माणूस नेमायची. ही वाट तुमचे सोशल वर्कर सगळ्यांना नीट समजावून सांगतात का, हे इथल्या मराठी मंडळांत येऊन एकदा विचारा. आणि समजलीच, तरी नेमायला माणूस हवं, म्हणजे आपण फिरून माझ्या पगारावर आलो.

माझी आई मिरजेत आहे. तिच्यासाठी ठेवलेल्या बाईला मी इथून पैसे पाठवते. दुसऱ्यांच्या आईला पुसून मिळालेल्या पैशांतून माझ्या आईला पुसायला तिसरीला ठेवायचं, आणि त्या तिसरीच्या आईचं कोण करतं हे विचारायचं नाही, असा हा हिशेब आहे. त्यात तुम्ही काही करू शकत नाही, मागणीही नाही. लिहिलं एवढ्यासाठी, की १२.६० पौंड म्हणजे तुझ्या देशात किती तरी रुपये होतात असं मला ऐकवणारे भेटतात. भाडं मी मेथिलमध्ये भरते, मिरजेत नाही.

तर मागणं असं. कंत्राटात व्हिजिट किमान अर्ध्या तासाची धरा. पंधरा मिनिटं फक्त गोळ्या देण्यापुरती राहू द्या. प्रवास आणि जोडीदारणीची वाट बघणं हा कामाचाच वेळ आहे असं कंत्राटातच लिहा आणि काउन्सिलना त्याचे पैसे द्या, नुसतं परिपत्रक धाडू नका. पगार इस्पितळातल्या आमच्या बरोबरीच्या कर्मचाऱ्यांशी जोडा. एका वर्षात होणार नाही हे मलाही कळतं. पण कोणत्या वर्षी किती, हे तारखेनिशी सांगा. आणि व्हिसावर आलेल्या बाईने मालकाविरुद्ध तक्रार केली तर तिला दुसरा स्पॉन्सर मिळेपर्यंत उभं राहायला जागा असेल, एवढं तुमच्या अखत्यारीत जे बसतं ते करा. नाही तर पुढच्या पत्रावरही नाव नसेल.

खर्च मोठा आहे, बजेट ओढाताणीचं आहे, हे उत्तर येणार. त्या उत्तरासोबत दोन आकडे शेजारी शेजारी छापा: दोन हजार अडलेल्या खाटांचा एका वर्षाचा खर्च, आणि साऱ्या होम केअररच्या व्हिजिट अर्ध्या तासाच्या करण्याचा खर्च. दोन्ही आकडे काढण्याइतके हिशेबनीस सेंट अँड्र्यूज हाऊसमध्ये आहेत. पुढच्या अर्थसंकल्पाच्या आधी ते मिळावेत, ही विनंती.

कळावे,

फाइफमधली एक मराठी केअरर